तीन लिप्या, एक एडिटर : प्रकल्प नोंदी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. ठेवीची पावती, पासबुक, कर्जाची नोटीस, सगळं मराठी, कन्नड आणि इंग्रजीत छापावं लागतं. मागची बाजू (सर्व्हरवर चालणारी) पायथन आणि जँगोमध्ये, पुढची (पडद्यावर दिसणारी) टाइपस्क्रिप्टमध्ये. कोड लिहायचा एडिटर बहुतेकांकडे मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोडच, पण प्रत्येकानं तो आपापल्या परीनं सजवलेला. तो एका शिस्तीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. पुढे टीममध्ये येणाऱ्याला एखादी गोष्ट तशी का ठेवली आहे हे कळावं, म्हणून निर्णयांबरोबर कारणंही लिहून ठेवतोय.

२ जून २०२५, सोमवार

सगळ्यांकडून एक्स्टेंशनच्या, म्हणजे एडिटरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, याद्या घेतल्या. एक कमांड दिली की बसवलेली एक्स्टेंशनं टर्मिनलवर ओळीनं येतात, हातानं काही लिहावं लागत नाही. याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि गेल्या काही महिन्यांतल्या कुरबुरींचं मूळ सापडलं. एकाच टाइपस्क्रिप्ट फाइलवर दोन टेबलांवर दोन वेगळे फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारे प्रोग्रॅम) चालतात. एकाकडे सेव्ह केलं की अवतरणचिन्हं दुहेरी होतात, दुसऱ्याकडे एकेरी. बदल एका ओळीचा असतो आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) अख्खी फाइल बदललेली दिसते. तपासणाऱ्याला त्या ढिगातून खरा बदल वेचावा लागतो. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाच्या तरी ठेवीवरचं व्याज मोजलं जातं. तिथे तपासणी अशी धूसर होणं मला धोक्याचं वाटतं.

दुपारी बसून एक रेघ आखली. फाइलच्या मजकुरावर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे गिटमधल्या सामायिक कोडसाठ्यात, राहील आणि सगळ्यांना सारखी असेल. फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे थीम, फॉन्ट, आयकॉन, अक्षराचा आकार, ज्याच्या त्याच्या. त्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही. व्हीएस कोडमध्ये प्रकल्पाची सेटिंग वैयक्तिक सेटिंगवर मात करते, त्यामुळे ही रेघ पाळणं सोपं आहे.

४ जून, बुधवार

प्रकल्पाच्या मुळाशी डॉट-व्हीएसकोड फोल्डर केलं. त्यात सध्या दोन फायली आहेत, एक सेटिंगची आणि एक शिफारशीच्या एक्स्टेंशनची. दुसरी असली की नव्या माणसानं प्रकल्प उघडताच 'या प्रकल्पासाठी ही एक्स्टेंशनं बसवा' असं एडिटरच विचारतो. त्याच फाइलमध्ये 'नको असलेली' अशीही एक यादी देता येते. आपल्या फॉरमॅटरशी भांडणारी एक्स्टेंशनं तिथे टाकली.

यादी मुद्दाम लहान ठेवली: पायथन, रफ, ईएसलिंट (टाइपस्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं), प्रीटिअर, एडिटरकॉन्फिग आणि स्पेलिंग तपासणारं एक. पायथनचा फॉरमॅटर फक्त रफ, टाइपस्क्रिप्ट आणि जेसनचा फक्त प्रीटिअर. भाषेनुसार फॉरमॅटर नाव घेऊन सांगितला, म्हणजे एडिटरनं कुणालाच 'कोणता वापरू?' असं विचारायचं कारण उरलं नाही.

पायलान्स हे मायक्रोसॉफ्टचं पायथनसाठीचं एक्स्टेंशन यादीत घेतलं नाही. आपल्यातले एक सहकारी व्हीएसकोडियम वापरतात. व्हीएस कोडचाच एमआयटी परवान्याचा खुला कोड घेऊन तो बांधलेला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसच्या (एक्स्टेंशनं मिळतात त्या ऑनलाइन जागेच्या) अटींमुळे त्याला तिथली एक्स्टेंशनं घेता येत नाहीत. तो एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स या खुल्या मार्केटप्लेसवरून घेतो, आणि पायलान्स मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या उत्पादनांपुरतं आहे. पायराइट खुलं आहे, प्रकार तपासायचं काम त्यानं होतं. दोन्हीकडे मिळेल तेच टीमच्या यादीत घ्यायचं, असं ठरवलं.

९ जून, सोमवार

सेव्ह करताना फॉरमॅट सुरू केलं. त्याआधी सगळा कोड एकदाच फॉरमॅट करून त्याचं वेगळं कमिट (गिटमधली बदलाची एक नोंद) केलं. त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल नाही. यावर थोरल्या सरांची रास्त हरकत आली: "आता ही ओळ कुणी लिहिली म्हणून विचारलं की प्रत्येक ओळीवर तुझंच नाव येणार. मग इतिहास गेला की सगळा."

त्याला उपाय आहे. गिटच्या २.२३ या २०१९मधल्या आवृत्तीपासून ब्लेम (कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी सोय) काढताना ठरावीक कमिट वगळता येतात. फॉरमॅटच्या कमिटचा क्रमांक एका फाइलीत लिहिला, ती रिपॉझिटरीत ठेवली आणि गिटच्या सेटिंगमध्ये तिचं नाव दिलं. एवढं केल्यावर ब्लेम मूळ लेखकापर्यंत जाऊन पोहोचतं. मात्र ही गिट सेटिंग प्रत्येकाला आपल्या मशीनवर एकदा द्यावी लागते, रिपॉझिटरीची प्रत (क्लोन) घेतली तरी तिच्याबरोबर ती येत नाही. म्हणून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच घातली.

सरांनी तीन वर्षांपूर्वीची स्वतःची एक ओळ शोधून पाहिली. समाधान झालं.

१० जून, मंगळवार

ओळींच्या शेवटाचा प्रश्न. काही मशीनवर विंडोज, काहींवर उबुंटू, आणि ओळ संपवायची दोन्हींची पद्धत वेगळी. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये सगळीकडे एलएफ (उबुंटूची पद्धत) सांगितलं, एडिटरच्या सेटिंगमध्येही तेच. संपलं.

१७ जून, मंगळवार

कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा कालपासून टीममध्ये आला आहे. मूळचा अथणीचा, घरी कन्नड आणि मराठी दोन्ही. सकाळी त्यानं मराठी मजकुराची फाइल उघडली आणि हाक मारली, "सर, हे सगळीकडं पिवळं का दाखवूलालंय?"

जाऊन पाहिलं तर प्रत्येक मराठी अक्षराभोवती पिवळी चौकट. पुढे कन्नड फाइल उघडली, तिथंही तेच. अख्खा पडदा चौकटींनी भरलेला. त्याचा समज असा झाला होता की एडिटरला आपल्या भाषाच चुकीच्या वाटतात.

खरं कारण असं. नवं फोल्डर उघडताना व्हीएस कोड विचारतो की या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का. यानं सावधपणे 'नाही' म्हटलं होतं. मग एडिटर मर्यादित अवस्थेत जातो, आणि तिथे साध्या इंग्रजी वर्णसंचाबाहेरचं प्रत्येक अक्षर खुणावणं हे मूळ सेटिंगच आहे. यामागे एक धोका आहे. २०२१मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की न दिसणारी नियंत्रक चिन्हं कोडमध्ये पेरून माणसाला एक आणि कंपाइलरला दुसरंच वाचायला लावता येतं. त्यानंतर व्हीएस कोडमध्ये ही खुणावणी आली. दिसायला सारखी पण वेगळी अक्षरंही त्यात धरली जातात.

त्या मुलाला सांगितलं की 'नाही' म्हणालास ते बरोबरच केलंस, अनोळखी कोडला तेच उत्तर द्यायचं. हा प्रकल्प आपला आहे, याला 'हो' म्हण. 'हो' म्हटल्यावर चौकटी गेल्या.

सगळ्या मात्र गेल्या नाहीत. एकटं उभं असलेलं मराठी शून्य अजून पिवळ्या चौकटीत होतं, कारण ते इंग्रजी 'ओ'सारखं दिसतं असं युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) तक्त्यात नोंदलेलं आहे. शिल्लक शून्य असेल तेव्हा पासबुकावर छापायचा मजकूर म्हणजे नेमकं तेच एकटं शून्य. कन्नड शून्याचंही तसंच. या दोन अंकांना प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये 'चालणारी अक्षरं' म्हणून परवानगी दिली.

'कटकट नको, खुणावणीच बंद करून टाकू' अशी सूचना एकानं केली होती. मी नको म्हटलं. त्याचं कारण दोन दिवसांत समोर आलं.

१९ जून, गुरुवार

आजची नोंद सविस्तर लिहितोय, कारण या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे.

टेस्टिंग पाहणाऱ्या ताईंनी दाखवलं की मुदत ठेवीच्या पावतीवर एका ठिकाणी मजकुराऐवजी त्याची नुसती चावी (कोडमधून तो मजकूर शोधायला दिलेलं नाव) छापली जातेय. चावी तिन्ही भाषांच्या फायलींत आहे. कोडमध्ये आहे. स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं. तरी सापडत नाही.

मराठीची फाइल उघडली तर त्या चावीच्या शेवटी एक बारीक चौकट होती आणि तिच्या आत काहीच नव्हतं. तिच्यावर माउस नेल्यावर कळलं: युनिकोड क्रमांक यू+२००सी, म्हणजे शून्य रुंदीचं न-जोडणारं चिन्ह. एका संस्थेकडून मजकुराची सुधारित यादी वर्डच्या तक्त्यात आली होती, तिथून चावी नकलून चिकटवताना ते बरोबर आलं. डोळ्याला काही दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ती वेगळीच चावी. खुणावणी चालू होती म्हणूनच हे एका नजरेत सापडलं.

मग कुणीतरी म्हणालं की तिन्ही फायलींतून सगळी अदृश्य चिन्हं एका झटक्यात काढून टाकू. ऐकायला सरळ वाटतं. पण कन्नड मजकूर पाहणाऱ्या मॅडमनी तिथंच थांबवलं. बँक, सॉफ्टवेअर असले शब्द कन्नडात लिहून त्यांना प्रत्यय लावला की मधल्या हलन्त व्यंजनाला पुढचं अक्षर खाली चिकटतं आणि जोडाक्षर तयार होतं. ते टाळायला तिथे हेच न-जोडणारं चिन्ह लागतं. ते काढलं की शब्द वाचणाऱ्याला विचित्र दिसतो. म्हणजे मराठीच्या चावीत जे घातक, ते कन्नडच्या मजकुरात गरजेचं.

मराठीतला पेच आणखी वेगळा निघाला. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द शोधला तर काही ओळी सापडल्या, काही नाही. छापल्यावर सगळीकडे अगदी सारखा दिसतो. आतून पाहिलं तर दोन प्रकार. काही ठिकाणी अर्धा र लिहिताना यू+०९३१ हा वेगळा ऱ आणि त्याला हलन्त. काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचं जोडणारं चिन्ह, यू+२००डी. दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य आहेत, दोन्हींतून डोळ्याला तेच रूप मिळतं. कोणत्या कळफलकावर टंकलं, यावर कोणती येणार ते ठरतं. 'गुऱ्हाळ' या कर्जप्रकाराचंही तेच झालेलं. संस्थेतल्या माणसानं अर्ज शोधायला 'गुऱ्हाळ' टाइप केलं आणि निम्मेच अर्ज दिसले, तर उरलेले आलेच नाहीत असं तो समजणार. ज्याचा अर्ज दिसला नाही त्याला फेऱ्या पडणार.

पायथनमधल्या युनिकोड सामान्यीकरणानं (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याच्या सोयीनं) हे सुटतं का ते पाहिलं. सुटत नाही. र आणि त्याखाली नुक्ता असं लिहिलेलं असेल तर एनएफसी हा सामान्यीकरणाचा प्रकार त्याचा यू+०९३१ करतं. पण हलन्तानंतरच्या जोडणाऱ्या चिन्हाला ते हात लावत नाही. त्यासाठी नियम आपल्यालाच लिहावा लागेल.

संध्याकाळी ठरलेले नियम: चावीत एकही अदृश्य चिन्ह नको, सापडलं तर चूक. मराठी मजकुरात य आणि ह यांच्या आधी येणारा अर्धा र नेहमी यू+०९३१चाच, दुसरा प्रकार दिसला तर इशारा आणि एका क्लिकमध्ये दुरुस्ती. कन्नड मजकुरातल्या अदृश्य चिन्हांना हात लावायचा नाही, त्यांचा निवाडा मॅडम करतील.

मराठी आणि कन्नड वाचणाऱ्याला आपली पावती बिनचूक मिळणं हे मला व्याजाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. इथे पावती हातात घेणारा माणूस आधी आपली भाषा बघतो, मग रक्कम.

२४ जून, मंगळवार

स्वतःचं एक्स्टेंशन लिहायला घेतलं. वरचे नियम तयार मिळणाऱ्या कशातच नाहीत.

रचना लहान आहे. पॅकेजच्या फाइलमध्ये सांगितलं की प्रकल्पात भाषांचं फोल्डर असेल तरच जागं व्हायचं, बाकी प्रकल्पांत त्यानं मेमरी खाऊ नये. फाइल सेव्ह झाली की तिन्ही भाषांच्या चाव्या जुळवतं. मराठीत आहे आणि कन्नडात नाही अशी चावी असेल तर त्या ओळीखाली नागमोडी रेघ आणि खाली प्रॉब्लेम्सच्या यादीत नोंद. महिरपी कंसातल्या रिकाम्या जागाही जुळवतं. मराठी वाक्यात सभासदाचं नाव आणि रक्कम दोन्हींना जागा आहे, कन्नडात रक्कमच राहून गेली, तर नोटीस बिनरकमेची जाईल. हे आधी दोनदा टेस्टिंगमध्ये सापडलेलं आहे, आता लिहितानाच दिसेल.

आणखी एक सोय: कोडमध्ये चावीवर माउस नेला की तिन्ही भाषांतला मजकूर तरंगत्या चौकटीत दिसतो. अथणीच्या मुलानं ही सोय मागितली होती आणि अर्धीअधिक त्यानंच लिहिली.

मर्यादित अवस्थेतही चालायला परवानगी जाहीर केली, कारण हे एक्स्टेंशन फायली फक्त वाचतं, काही चालवत नाही. दुरुस्ती होते ती माणसानं क्लिक केल्यावरच.

२६ जून, गुरुवार

नियमांचा भाग एक्स्टेंशनमधून काढून स्वतंत्र मॉड्यूल केला. एडिटरमध्येही तोच, कमिटच्या आधी चालणाऱ्या तपासणीतही तोच. एडिटरमधली रेघ ही सूचना आहे, घाईत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. कमिट अडलं की मात्र होत नाही. नियम दोन जागी वेगळे लिहिले असते तर महिन्याभरात त्यांच्यात फरक पडला असता.

३ जुलै, गुरुवार

खानापूर तालुक्यातून काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे पावसानं नेट धड चालत नाही. वीजही जाऊन येऊन. मार्केटप्लेसवरून एक्स्टेंशन उतरवणं त्याला जमेना. त्यामुळे शिफारशीतल्या सगळ्या एक्स्टेंशनच्या व्हीएसआयएक्स (नेटशिवाय बसवता येणाऱ्या) फायली आणि आपली स्वतःची एका पेनड्राइव्हवर भरल्या. तो आठवड्यातून एकदा टिळकवाडीतल्या ऑफिसला येतोच. त्या फायली एका स्क्रिप्टनं बसतात, नेट लागत नाही.

आपलं एक्स्टेंशन कुठल्याच मार्केटप्लेसवर नाही, म्हणून ते आपोआप अद्ययावत होणार नाही. नवी आवृत्ती काढली की गटावर कळवायचं आणि स्क्रिप्ट परत चालवायची, असं ठरलं.

७ जुलै, सोमवार

सुरक्षेचा विषय बैठकीत घेतला. मला तो टाळायचा नव्हता. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं खरं, पण त्याला अधिकार एडिटरइतकेच असतात. फायली वाचू शकतं, नेटवर जाऊ शकतं. म्हणजे एखादं सुंदर रंगांचं एक्स्टेंशन बसवणं म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालवणं. २०२५च्या सुरुवातीच्या आवृत्तीपासून नव्या प्रकाशकाचं पहिलं एक्स्टेंशन बसवताना एडिटर 'यांच्यावर विश्वास आहे का' असं विचारतो. ते वाचून मगच पुढे जायचं, हे सगळ्यांना सांगितलं. यादीबाहेरचं वैयक्तिक एक्स्टेंशन हवं असेल तर घ्यावं, पण आधी गटावर सांगावं.

आणि विकासाच्या मशीनवर संस्थेचा खरा डेटा ठेवायचा नाही. ठेवीदारांची नावं, खातेक्रमांक, काहीच नाही. चाचणीसाठी बनावट माहिती तयार करणारी स्क्रिप्ट आहे, तीच वापरायची.

८ जुलै, मंगळवार

ताईंच्या मशीनवर टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटत होतं. मशीन आठ जीबीचं. एडिटरमध्ये दुभाजनाची सोय आहे: तो निम्मी एक्स्टेंशनं बंद करतो, त्रास आहे का विचारतो, मग उरलेल्यांतली निम्मी. बत्तीस असली तरी पाच-सहा प्रश्नांत दोषी सापडतं. सापडलं, ताईंनी काढून टाकलं.

११ जुलै, शुक्रवार

थोरले सर त्यांचा निओव्हिम हा एडिटर सोडणार नाहीत, आणि त्यांनी सोडावं असं मला वाटतही नाही. त्यांचा हात तिथे ज्या वेगानं चालतो तो पाहण्यासारखा आहे. त्यांना काय काय मिळतं ते आज तपासलं. टॅब, रिकाम्या जागा आणि ओळींचा शेवट एडिटरकॉन्फिगमध्ये आहेत, आणि निओव्हिम ०.९पासून ती फाइल स्वतःहून वाचतो. व्हीएस कोडला मात्र त्यासाठी एक्स्टेंशन लागतं. पायराइट आणि रफ दोन्ही लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलनं, म्हणजे एडिटर आणि तपासणारा प्रोग्रॅम यांच्यातल्या ठरावीक संवादपद्धतीनं, बोलतात. मायक्रोसॉफ्टनं रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह २०१६मध्ये तो खुला केला, तेव्हापासून एकच भाषा-सर्व्हर अनेक एडिटरांना चालतो. राहिला आपल्या चाव्यांचा नियम. तो कमिटच्या तपासणीत आहेच, त्यामुळे सरांनाही लागू. पुढे वेळ मिळाला तर आपला तपासणीचा भागही लँग्वेज सर्व्हर करून टाकू, म्हणजे त्यांनाही लिहितानाच रेघ दिसेल.

१८ जुलै, शुक्रवार

फॉन्टचा विषय ज्याच्या त्याच्यावर सोडलेला आहे, तरी विचारणा खूप झाली म्हणून माहितीच्या फाइलमध्ये एक शिफारस लिहिली. फॉन्टच्या सेटिंगमध्ये आधी आवडीचा समरुंद इंग्रजी फॉन्ट, मग स्वल्पविराम देऊन नोटो सान्स देवनागरी, मग नोटो सान्स कन्नड. पहिल्यात अक्षर नसलं की एडिटर पुढच्यात बघतो. ओळीची उंची थोडी वाढवावी, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात. कन्नडची खाली लटकणारी जोडाक्षरं तर हमखास. आठपेक्षा लहान आकडा दिला तर तो फॉन्टच्या आकाराच्या पटीत धरला जातो, १.७ मला पुरेसं वाटलं.

टर्मिनलचं मात्र जमलं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट असते, मात्रा आणि जोडाक्षरं त्यात बसत नाहीत, मजकूर तुटक दिसतो. म्हणून चाचणीतला मराठी-कन्नड मजकूर टर्मिनलवर छापायचा नाही, फाइलमध्ये लिहायचा आणि ती एडिटरमध्ये उघडायची. तसा टास्क करून ठेवला आहे.

मराठी फाइलमधले सगळे 'ऱ' एकाच रूपात आणले, त्याचं वेगळं कमिट. जुन्या संस्थांच्या डेटाबेसमध्ये अर्जांचे प्रकार, सभासदांचे व्यवसाय, गावांची नावं दोन्ही रूपांत साठलेली आहेत. ते बदलायच्या आधी शोध दोन्ही रूपं पकडेल असा करायचा आहे, म्हणजे कुणाचा अर्ज मधल्या काळात गायब होणार नाही. तो भाग अथणीच्या मुलानं मागून घेतला आहे, सोमवारपासून सुरुवात.